आधी तळमजला स्वतःपुरता पूर्ण करा, एलिव्हेशन (दर्शनी रूप) नंतर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्यालगत ४० बाय ६० फुटांचा एनए (बिनशेती) प्लॉट, ४० फुटांची बाजू पश्चिमेला आणि रस्ताही तिकडेच. घरात तुम्ही दोघं, आई-वडील, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. आईंचे गुडघे दुखतात. वहिनी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. आर्किटेक्टने तीन प्लॅन दिलेत. तिन्हींत खाली पार्किंग, हॉल, किचन आणि एक कॉमन टॉयलेट, वर तीन बेडरूम, त्यातली एक आई-वडिलांची आणि शेजारी ‘पुढेमागे लिफ्ट’ म्हणून सोडलेली जागा. तुम्हाला तिसरा आवडलाय, कारण त्यात हॉल डबल हाइटचा आहे आणि पुढे वीस फुटी काच आहे. वहिनींना ओपन किचन हवंय, आईंना नकोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, मुहूर्त धरून फुटिंग, म्हणजे पाया, खोदू, बाकीचं चालता चालता ठरवू. आणि तुम्ही विचारताय, तीनपैकी कुठला घ्यावा.

माझं मत सांगतो: तीनपैकी एकही नाही. आर्किटेक्टचं काम वाईट आहे असं नव्हे. तुम्ही त्यांना खोल्यांची यादी दिलीत, त्यांनी ती यादी तीन प्रकारे मांडून दिली. घरातल्या माणसांचा दिवस कसा जातो हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि तिन्ही प्लॅनमध्ये तीच एक गोष्ट राहून गेली. तुमचा तळमजला स्वतःपुरता पूर्ण नाही. वरचा मजला उद्या कुलूप लावून बंद केला, तर खाली तुमच्या कुटुंबातलं एकही माणूस राहू शकत नाही.

काही गोष्टी मी इथून सांगू शकणार नाही. तुमच्या जमिनीखाली काय आहे, शेजारी किती उंच बांधणार, तुमचं बजेट नेमकं किती, यावर बरंच अवलंबून आहे. समोर आणि बाजूंना किती अंतर सोडायचं, हे रस्त्याच्या रुंदीवर आणि नियमावलीवर ठरेल. त्यामुळे खालचे आकडे पक्के मोजमाप म्हणून न घेता विचार कसा करायचा यासाठी घ्या.

सुरुवात आईंच्या दिवसापासून करू. सकाळी आंघोळ, मग खाली येऊन पूजा, तुळशीला पाणी, स्वयंपाकघर. जेवण झाल्यावर दुपारी थोडं पडायला वर. चहाला खाली. संध्याकाळी दारात बसणं, दिवाबत्ती. मध्ये चष्मा किंवा औषध विसरलं की आणखी एक खेप. मजल्याची उंची १० फूट धरली आणि पायरी ६ इंचांची, तर एका चढणीला २० पायऱ्या होतात. दिवसात सहा खेपा झाल्या, तर १२० पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. गुडघेदुखी असलेलं माणूस तेवढं करत नाही. ते खेपा कमी करतं. म्हणजे हळूहळू वरच्या खोलीतच बसून राहतं आणि जेवणाचं ताट वर जायला लागतं. घर नवं झालेलं असतं आणि आई घरापासून तुटलेली असते. लिफ्टची जागा सोडून हा प्रश्न सुटत नाही. लिफ्टला खाली खड्डा लागतो, वीज गेली तर बॅकअप लागतो, वर्षाची देखभाल लागते. आणि सोडलेल्या त्या जागेत बहुतेक घरांत पुढे कपाट उभं राहिलेलं मी पाहिलंय.

हे मी शिकलो ते माझ्याच एका चुकीतून. अठरा वर्षांपूर्वी कऱ्हाडजवळ एक घर केलं. घरमालकाचे वडील तेव्हा साठीला आलेले, ठणठणीत, रोज शेतावर जाणारे. त्यांची खोली वर दिली, टेरेसला लागून, मोठी, हवेशीर. नऊ वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. खाट हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणावी लागली. खालच्या कॉमन टॉयलेटचं दार सव्वादोन फुटांचं, आत चार इंचांचा उतार. व्हीलचेअर आत जाईना. दार फोडलं, भिंत सरकवली, फरशी उखडली. पण हॉलमध्ये पाहुण्यांसमोर अंग पुसून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते कुठल्याही दुरुस्तीने भरून निघणारं नव्हतं. त्या घराचा प्लॅन मी त्यांच्या मुलाशी बोलून केला होता. त्यांना स्वतःला मी काहीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या बैठकीला घरातली सगळी माणसं असल्याशिवाय मी कागदावर रेघ ओढत नाही.

‘पण तळमजल्यावर एवढं बसतं का?’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल, म्हणून हिशोबच मांडतो. समोर १० फूट आणि बाकी तीन बाजूंना ५ फूट सोडले असं समजू. उरतात ३० बाय ४५, म्हणजे १,३५० चौरस फूट. समोरच्या १० फुटांत गाडी नाक पुढे करून उभी राहत नाही, म्हणून पोर्च इमारतीखालीच घ्यावा लागेल: १० बाय १६, झाले १६०. जिना साडेसात बाय १५, त्याला साधारण ११०. राहिले १,०८०. भिंतींत दहा-बारा टक्के जातात, म्हणजे हातात साधारण ९५० येतात. आता मांडा: ओसरी ८ बाय १० ची ८०, हॉल १२ बाय १७ चा २०४, किचन आणि जेवणाची जागा मिळून ११ बाय १८ ची १९८, मागची धुण्याभांड्याची जागा ४०, आई-वडिलांची खोली १२ बाय १३ ची १५६, त्यांचं बाथरूम ४०, एक छोटी खोली १० बाय ११ ची ११०, कॉमन टॉयलेट ३०. बेरीज ८५८. ये-जा करायला ऐंशी-नव्वद फूट राहतात. बसतं, फक्त कशालाही अवाढव्य आकार देता येत नाही.

ती १० बाय ११ ची छोटी खोली मी कधीच सोडत नाही. आज तिथे वहिनींचं टेबल लागेल, दार लावून मीटिंग करता येईल. दोन वर्षांनी मुलीचं दहावीचं वर्ष येईल, तेव्हा ती तिथे बसेल. पुढे कधी घरात आजारपण आलं, तर रात्रीच्या सोबतीला आलेलं माणूस तिथे झोपेल. ‘गेस्ट रूम’ असं नाव दिलं की ती खोली वर्षातले तीनशे दिवस बंद राहते. म्हणून तिला नाव देऊ नका, एक खिडकी आणि चार प्लग द्या.

आई-वडिलांच्या बाथरूमचं दार ३ फुटांचं ठेवा, बाहेर उघडणारं किंवा सरकतं. दारात उंबरा नको, पाण्याला उतार फरशीतच द्या. कमोडशेजारची भिंत पक्क्या विटांची करा, म्हणजे धरायचा दांडा आज नाही लावला तरी दहा वर्षांनी घट्ट बसेल. तिथे हलक्या पोकळ ब्लॉकची भिंत असेल, तर पूर्ण वजन टाकल्यावर दांड्याचे स्क्रू सुटू शकतात. खर्च फारसा वाढत नाही, पण हे आधी ठरलेलं हवं.

आता काचेकडे येतो. तिच्यावर तुमचा जीव जडलाय, म्हणून तिला जास्त वेळ देतो.

तुमचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. दक्षिणेचं ऊन सांभाळायला सोपं असतं. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मार्चच्या विषुवदिनी दुपारी दक्षिणेच्या खिडकीवर २ फुटांचा छज्जा असेल, तर त्याची सावली ६ फूट खाली येते, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हा तोच छज्जा सव्वादोन फूटच सावली देतो आणि कोवळं ऊन घरात येतं. एका साध्या छज्जात दोन्ही ऋतूंची सोय होते. पश्चिमेला हे चालत नाही. दुपारी चारनंतर ऊन तिरपं होतं आणि छज्जाच्या खालून थेट आत शिरतं. एप्रिल-मेमध्ये सूर्यास्तापर्यंत ती वीस फुटी काच तापत राहील आणि जेवणाच्या वेळेपर्यंत हॉल धुमसत राहील. मग पडदे लागतील, वीस फुटांचे. आणि जून लागला की वाऱ्याबरोबरचा पाऊसही त्याच बाजूने झोडपणार. काच आणि भिंत जिथे मिळते त्या सांध्यातून पाणी आत आलेली घरं मी दुरुस्त केलीत. बाहेरून त्या सांध्यापर्यंत पोचायला दर वेळी परांची बांधावी लागते.

डबल हाइटचंही पाहा. हॉलच्या डोक्यावरचे २०४ चौरस फूट वरच्या मजल्यातून वजा होतात, म्हणजे एक अख्खी बेडरूम गेली. पंखा दहा फुटी दांड्यावर टांगावा लागतो, जळमटं काढायला शिडी आणि माणूस लागतो. आणि आवाज! खाली बातम्या लागल्या की वर अभ्यासाला बसलेल्या मुलीला शब्दन् शब्द ऐकू येतो. मोकळेपणा हवा ही तुमची इच्छा मात्र अगदी रास्त आहे. तो उंचीतून आणण्यापेक्षा नजरेच्या लांबीतून आणा. ओसरीत उभं राहिलं की हॉल आणि जेवणाच्या जागेतून थेट मागच्या दारापर्यंत, परसातल्या झाडापर्यंत नजर गेली, तर दहा फुटी छताखालीसुद्धा घर मोठं वाटतं. आपल्या वाड्यांत ओसरीवरून चौकातून मागच्या सोप्यापर्यंत दिसायचं. घरात शिरल्यावर जे बरं वाटायचं, ते त्यामुळेच.

म्हणून मी असं करीन. पश्चिमेची ३० फुटांची बाजू पोर्च, ओसरी आणि जिना या तिघांतच संपवीन. वायव्येला पोर्च, मध्ये ओसरी, नैऋत्येला जिना. उन्हाचा मारा ते तिघं घेतील आणि हॉल त्यांच्या मागे सावलीत राहील. जिन्याच्या पश्चिमेच्या भिंतीला उभी जाळी, आणि जिन्याच्या हेडरूमला, म्हणजे जिना गच्चीवर उघडतो तिथल्या छोट्या खोलीला, सगळ्यात वर झडपा. गरम हवा वर चढते आणि जिन्यातून निघून जाते, संध्याकाळी फरक जाणवतो. पूर्वेला मागच्या बाजूने आग्नेयेला किचन आणि ईशान्येला आई-वडिलांची खोली, दोन्हींना सकाळचं ऊन. खोलीच्या दाराशीच देवघराचा कोनाडा. तुमच्या आई वास्तू पाहतात असं तुम्ही लिहिलंय. या मांडणीत किचन आणि जिन्याच्या जागा त्यांना फारशा खटकू नयेत, कारण तिथे ऊन-वारा आणि वास्तू एकाच दिशेला बोट दाखवताहेत. जिथे दोन्ही जुळतात तिथे वाद घालू नये. जिथे जुळत नाहीत, तिथे मी घरच्यांना दोन्ही बाजू सांगतो आणि त्यांना ठरवू देतो. फक्त वास्तूसाठी कॉलम हलवायला किंवा टॉयलेट बिनखिडकीचं करायला मी तयार होत नाही.

जिना दाराजवळ घेण्याचं आणखी एक कारण आहे. ओसरीतूनच त्याला वेगळं दार ठेवता येतं. मुलं शिकायला बाहेर गेली की वरचा मजला भाड्याने देता येईल किंवा भावाला राहता येईल, आणि खालच्या घराला धक्का लागणार नाही. हॉलच्या मधोमध जिना घेतला की ही वाट कायमची बंद होते.

किचनच्या वादात दोघींचंही बरोबर आहे. वहिनींना स्वयंपाक करताना भिंतीकडे तोंड करून एकटं उभं राहायचं नाहीये. आईंना फोडणीचा ठसका आणि खरकटी भांडी पाहुण्यांसमोर नकोत. जेवणाची जागा आणि किचन एकत्र ठेवा, हॉल आणि जेवणाच्या जागेमध्ये रुंद सरकतं दार द्या. एरवी ते उघडं राहील, मिरच्या भाजताना बंद होईल. आणि मागची धुण्याभांड्याची जागा छोटी असली तरी वगळू नका. भांडी, मशीन, जास्तीची शेगडी तिथे गेली की पुढचं किचन आपोआप नीट दिसतं. ओट्याची उंची कॅटलॉग बघून ठरवू नका. दोघींना पोळपाटासमोर उभं करा, कोपरापासून चारेक इंच खाली मोजा. उंचीत बराच फरक असेल, तर ओट्याचा एक तुकडा खाली घ्या.

आत्तापर्यंतचं एकत्र धरायचं तर: आई-वडील खाली, एक छोटी खोली जास्तीची, पश्चिमेला काच नाही, जिना दाराजवळ, किचनला सरकतं दार. हे पाच मुद्दे आर्किटेक्टना द्या आणि चौथा प्लॅन मागा. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, ते योग्यच आहे.

आता सांगाड्याबद्दल. याबाबत मी हट्टी आहे. सातारा जिल्ह्याने ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलाय. आपल्याकडे दुमजली घरालाही वेगळा आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे सांगाड्याचा हिशोब करणारा इंजिनिअर, हवाच, कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजाने सळई टाकायची नाही. वरचा कॉलम खालच्या कॉलमवरच उभा राहिला पाहिजे. वरची बेडरूम मोठी दिसावी म्हणून बीमवर मध्येच कॉलम उभा करायचा प्रस्ताव आला, तर नाही म्हणा. पोर्चवर पाच-सहा फूट बाहेर काढलेली खोली चित्रात छान दिसते, पण ते वजन हादऱ्यात आधी त्रास देतं. साइटवर गेलात तर उभ्या-आडव्या सळयांना बांधलेल्या रिंगा बघा: कॉलम आणि बीम जिथे मिळतात तिथे त्या जवळजवळ हव्यात आणि त्यांचे हूक काटकोनात न राहता आत गाभ्याकडे वळलेले हवेत. हे बघायला इंजिनिअर असावं लागत नाही. फुटिंगची खोली चाचणी खड्डा घेतल्याशिवाय ठरवू नका. एका प्लॉटला चार फुटांवर मुरूम लागतो, दुसऱ्याला आठ फुटांपर्यंत काळी माती निघते, आणि काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तिरके तडे देते.

‘चालता चालता ठरवू’ हे म्हणूनच महागात पडतं. वरच्या टॉयलेटची जागा स्लॅबच्या आधी ठरावी लागते, कारण तिथला स्लॅब खाली घ्यायचा असतो. स्लॅब पडल्यावर टॉयलेट हलवलं, तर फरशी उंच करावी लागते, म्हणजे दारात पायरी येते. स्विचबोर्ड, बेड कुठे, कपाट कुठे, हे गिलाव्याच्या आधी ठरावं लागतं. खोदायच्या आधी प्रत्येक खोलीत फर्निचर काढलेला प्लॅन, घराचा एक उभा छेद (घर वरून खाली कापल्यासारखं दाखवणारं चित्र), आरसीसीची पूर्ण ड्रॉइंग, वीज आणि पाण्याच्या लाइनींची ड्रॉइंग हातात असू द्या. दोन-अडीच महिने जातील. खोडरबरने भिंत हलवायला पैसे लागत नाहीत.

पैशांबद्दल तुम्ही कमी लिहिलंय, म्हणून थोडंच सांगतो. कॉन्ट्रॅक्टरने चौरस फुटाचा दर दिला की आधी विचारा, कुठला चौरस फूट? स्लॅबचा की आतला? त्यात छज्जे, पोर्च, हेडरूम किती धरलेत? हौद, सेप्टिक टँक, कंपाउंड, गेट आत की बाहेर? कमी दर सांगणाऱ्याच्या यादीत ही सगळी कामं बाहेर असू शकतात. माझ्या कामांत साधारण निम्मा खर्च सांगाडा आणि भिंतींवर होतो, निम्मा त्यानंतर. लोक पहिल्या निम्म्यात खूश असतात आणि दुसऱ्यात अडकतात. एकूण रकमेतला पंधरा टक्के वाटा कुणालाही न सांगता बाजूला ठेवा.

दोन्ही मजल्यांना पैसे पुरत नसतील, तर खालचा मजला पूर्ण करा, फरशी, रंग, बाथरूमसकट, आणि राहायला जा. तळमजला स्वतःपुरता पूर्ण असल्याचा हाही फायदा. फुटिंग आणि कॉलम मात्र आत्ताच दोन मजल्यांच्या हिशोबाने करा. वर सोडलेल्या सळया उघड्या गंजू देऊ नका, त्यांच्यावर कमी सिमेंटचं काँक्रीट चढवून ठेवा, पुढे फोडता येतं. वरचा मजला दोन वर्षांच्या आत चढणार असेल, तर माझं मत वेगळं आहे: मग दोन्ही स्लॅब आत्ताच टाका, वर भिंती नंतर. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून ते पुन्हा फोडण्यात पैसे जातात आणि खालच्या घरात धूळ येते. स्लॅबला पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरलं, तर निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवा. मी चौदा ठेवतो.

पाणी आणि वीज लवकर आटोपतो. माणशी रोज १३५ लिटर धरतात, सहा जणांना आठशेच्या वर. चार-पाच दिवस पुरेल एवढा हौद पोर्चखाली बसतो. तुमच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण साडेबारा हजार लिटर पाणी उतरतं, तेव्हा गच्चीचे पाइप एका बाजूला आणून बोअरकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवायची सोय आत्ताच ठेवा. सोलरला ३ किलोवॅटसाठी तीनेकशे चौरस फूट सावलीविरहित जागा लागते, म्हणून हेडरूम आणि टाकीची सावली कुठे पडते हे प्लॅनवरच बघा.

आणि कॉन्ट्रॅक्टरला मुहूर्ताची घाई असेल, तर त्या दिवशी पूजा करा, नारळ फोडा, खोदाई मात्र थांबवा. चौथा प्लॅन हातात आला की एका सकाळी गवंड्याला बोलावून प्लॉटवर फक्कीने खऱ्या मापाच्या खोल्या आखून घ्या. दारांच्या जागा मोकळ्या सोडा. आई-वडील, वहिनी, मुलं सगळ्यांना घेऊन या. आईंना सांगा, पहाटे उठल्यापासून जसं चालता तसं चाला: खोलीतून बाथरूम, तिथून देवघर, मग ओटा, मग तुळस. वडिलांना खुर्ची टाकून ओसरीत बसवा आणि गेटमधून येणारं माणूस दिसतं का ते विचारा. त्या अर्ध्या तासात फक्कीची जी रेघ कुणाच्या पायाखाली आली, ती पुसून दुसरी मारा.